गिझर बदलण्याआधी खिडकीचा पुठ्ठा काढा

‘आप्पांना नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले, घरची केळी आहे. मागच्या वर्षी घरावर मजला चढवला. वर मुलगा-सून राहतात. त्यांच्या बाथरूममध्ये सहा लिटरचा गॅस गिझर बसवला. पावसाळाभर ठीक चालला, पण दिवाळीनंतर त्याचं तंत्रच बिघडलंय. पाणी आधी चांगलं गरम येतं, मग एकदम बर्फासारखं, आणि पुन्हा सुरू झालं की चटका बसेल इतकं कढत. सासूबाई म्हणतात, “पानी गरम येस, मंग एकदम थंडं व्हई जास.” सकाळी जास्त त्रास होतो. खाली कोणी नळ सोडला की वर हमखास गार. शॉवरपेक्षा खालच्या नळाला बरं येतं, आणि बोअरची मोटार लावून टाकी भरली की थोडा वेळ सगळं सुरळीत. सेल बदलून झाले. मेकॅनिक दोनदा आला. पहिल्यांदा बटणं फिरवून गेला, दुसऱ्यांदा म्हणाला कॉइल गेली, नवा दहा लिटरचा घ्या. सासरे म्हणतात, माळ्यावरचा बंब उतरवा. थंडी फार म्हणून बाथरूमच्या खिडकीला पुठ्ठा लावलाय, तरी सूनबाईला परवा आंघोळ करताना वाफेने गरगरल्यासारखं झालं. दहा लिटरचा घ्यावा का?’

– एक वाचक भगिनी, चोपडा तालुका

ताई, तुमचा प्रश्न पाण्याचा आहे. पण मी अडकलो ते शेवटून दुसऱ्या ओळीवर. पुढचं नंतर वाचा. आधी वर जा, तो पुठ्ठा काढा आणि घरात सांगा की आजपासून वरचा गिझर बंद. चार दिवस खालून बादल्या न्याव्या लागल्या तर लागू द्या.

सूनबाईंना गरगरलं ते वाफेने, असं मला वाटत नाही. आपल्याकडे गरम पाण्याने आंघोळ कोण करत नाही? नुसत्या वाफेने सहसा कोणी भोवळ येऊन पडत नाही. पाच बाय सातची बंद बाथरूम, भिंतीवर पेटलेला गिझर, खिडकीला पुठ्ठा आणि दाराला आतून कडी, हा हिशोब वेगळा आहे. सहा लिटरचा गिझर तासभर पेटला तर साधारण एक किलो गॅस खातो. एक किलो गॅस नीट जळायला पंधराएक किलो हवा लागते, म्हणजे १२-१३ घनमीटर. तुमच्या बाथरूममध्ये सगळी मिळून दहा घनमीटर हवाही नसेल. त्यात आंघोळ करणारा माणूस श्वास घेतोय. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, आणि गॅस जळला की तो वासही जळून जातो. म्हणून ‘वास तर काही आला नाही’ या भरवशावर राहू नका. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, हातापायांतलं बळ जातं, आणि कडी काढायला हात उचलेनासा होतो. दर हिवाळ्यात पेपरात ‘बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू’ अशी बातमी येते, ती हीच.

सूनबाईंचं डोकं अजून दुखत असेल किंवा त्यांना दिवस गेले असतील, तर आजच डॉक्टरांकडे न्या आणि ‘बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता’ हे स्पष्ट सांगा. नाहीतर तिथेही ॲसिडिटीची गोळी मिळायची. पुन्हा कधी कोणाला असं झालंच तर आधी माणूस उघड्यावर आणा, दारं-खिडक्या सताड उघडा, मग गॅस बंद करा, आणि १०८ ला फोन लावा.

गिझर बाथरूमबाहेर काढायचाच आहे. बाहेरच्या भिंतीवर किंवा गॅलरीत लावा आणि गरम पाण्याचा पाइप भिंतीला भोक पाडून आत घ्या. तो पाइप सीपीव्हीसीचाच घ्या. गावात साधा पांढरा पीव्हीसी टाकून मोकळे होतात, तो गरम पाण्याने लिबलिबीत होतो. गॅलरीला काचा लावून ती बंद केली असेल तर ती गॅलरी राहिली नाही, खोलीच झाली, तिथे नको. बाथरूमच्या खिडकीखालीही नको, धूर उलटा आत येईल. वर पत्र्याची छोटी छपरी केली की पावसाचं भागलं. मेकॅनिक म्हणेल, एक्झॉस्ट फॅन लावा, काम होईल. नाही होणार. लाईट गेली की पंखा थांबतो, गिझर मात्र सेलवर चालूच राहतो. आपल्याकडे लाईट कधी जाते ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता पाण्याकडे येऊ. तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं, कारण मेकॅनिकने ज्या गोष्टी पाहिल्या नाहीत त्या सगळ्या तुम्ही लिहिल्यात. खाली नळ सोडला की वर गार. शॉवरपेक्षा खालच्या नळाला बरं. टाकी भरली की सुरळीत. या तिन्हींचं उत्तर एकच आहे, आणि त्याचा कॉइलशी संबंध असेल तर थोडाच.

गॅस गिझरला हाताने पेटवायचं बटण नसतं. तो पाण्याच्या जोरावर पेटतो. पाणी आत शिरतं तिथे रबराचा एक पातळ पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. पाणी जोरात वाहिलं की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा फुगतो, एक पिन सरकवतो. पिनेने गॅसची वाट उघडते आणि स्विच दबतो. सेल ठिणगी टाकतात, ज्योत धरते. पाण्याचा जोर कमी झाला की पडदा मागे येतो आणि गॅस बंद. हे असंच व्हायला हवं. पाणी थांबल्यावर ज्योत चालू राहिली तर तांब्याची कॉइल काही मिनिटांत जळेल. म्हणजे तुमचा गिझर बिघडल्यामुळे विझत नाही. त्याला पाणी पुरत नाही, म्हणून तो शहाण्यासारखा विझतो.

मग चटका का बसतो? ज्योत विझली तरी कॉइल तापलेली असते. आत अडकलेलं थोडंसं पाणी त्या उष्णतेने कढतं. पुन्हा जोर आला की आधी ते कढलेलं पाणी अंगावर येतं. मग माणूस घाबरून गार पाण्याचा नळ आणखी सोडतो. आणि इथेच खरी गंमत आहे. गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या मिक्सर नळातून गार पाणी वाढवलं की गिझरमधून जाणारं पाणी तितकं कमी होतं, पडदा मागे येतो, गिझर विझतो. पुन्हा बर्फ. मग गार बंद केलं की परत चटका. घरोघरी लोक हा खेळ खेळतात आणि दोष कंपनीला देतात.

पाणी कमी का, ते टाकी बघून कळेल. ३३ फूट उंचीवरून पाणी आलं की साधारण एक बार दाब मिळतो. तुमच्या वरच्या मजल्याचं छत दहा फुटांवर, शॉवर सात फुटांवर, स्लॅब अर्धा फूट, आणि टाकीखाली विटांचा तीन फुटी ओटा असं धरू. शॉवरपासून टाकीचा तळ साडेसहा फूट वर आला. म्हणजे दाब ०.२ बार. टाकी तीन फूट भरलेली असेल तर ०.२९. छोट्या गिझरांना बहुतेक पाव बारच्या आसपास दाब लागतो, तुमच्या गिझरचा नेमका आकडा त्याच्या डब्यावर किंवा पाटीवर आहे, तो बघा. टाकी भरलेली असताना गिझर चालणार आणि तळाला गेली की रुसणार, हे याच हिशोबाने. खालचा नळ शॉवरपेक्षा चार-पाच फूट खाली, तिथे दाब आपोआप वाढतो, म्हणून तिथे बरं. आणि खालच्या मजल्यावर जी बाथरूम असेल तिला आणखी साडेदहा फूट उंची फुकट मिळते. वरच्या मजल्यावरचे लोक टाकीच्या अगदी जवळ राहतात आणि पाण्याला तेच मुकतात. आपल्याकडे मजला चढवताना जिन्याचा, फरशीचा, रंगाचा विचार होतो, टाकी मात्र नव्या स्लॅबवर तशीच टेकवतात.

खाली नळ सोडला की गार, याचं कारण बहुधा असं की टाकीतून एकच पाइप उतरतो आणि वरची-खालची दोन्ही बाथरूमं, स्वयंपाकघर, धुण्याची जागा त्याच्यावरच फांद्या फोडून जोडली आहेत. केळीवाल्याला हे समजावून सांगायला नको. ड्रीपच्या एका सबमेनवर, म्हणजे नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपवर, मावतील त्याहून जास्त नळ्या जोडल्या की टोकाच्या झाडाला थेंब पडत नाही, तसंच हे.

म्हणून पैसा खर्चण्याआधी एक बादली आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. दहा लिटरची खूण असलेली बादली हवी. गिझरचा गॅस बंद ठेवा, गिझरमधून येणारा गरम नळ पूर्ण सोडा आणि बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. एकदा खाली सगळे नळ बंद असताना, एकदा खाली नळ चालू असताना. मग त्याच बाथरूममधला गार नळ तसाच मोजा. शंभर सेकंदांत दहा लिटर आलं तर मिनिटाला सहा लिटर, सगळं उत्तम. तीन मिनिटं लागली तर मिनिटाला सव्वातीन लिटर, म्हणजे गिझर काठावर उभा आहे, कोणी खोकललं तरी विझेल.

गार नळ जोरात आणि गिझरचा नळ मात्र करंगळीएवढा असेल, तर दोष गिझरच्या आत आहे. दोन्ही नळ सारखेच मंद असतील तर दोष टाकी आणि पाइपचा आहे, आणि मेकॅनिकला बोलावण्यात अर्थ नाही, प्लंबरला बोलवा.

गिझरच्या आतला दोष असेल तर पहिल्यांदा पाणी आत शिरतं तिथली जाळी काढून बघा. तुमच्याकडे ड्रीपचा स्क्रीन फिल्टर दर काही दिवसांनी उघडून धुतात ना, ती गिझरच्या जाळीची मोठी बहीण. बोअरच्या पाण्याची रेती आणि नव्या बांधकामातले सिमेंटचे कण तिथेच बसतात. तुमचा मजला मागच्या वर्षीचा, जाळी एकदाही उघडली नसेल असं मी पैजेवर सांगतो. शॉवरची चाळणी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सुईने भोकं मोकळी करा. डायफ्रामचं रबर कडक झालं असेल तर तो बदलून घ्या, नव्या गिझरच्या मानाने तो किरकोळ खर्च आहे.

आणि मग क्षार. बोअरचं पाणी जड असेल तर तुम्हाला ते मीटरशिवाय कळतं. तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तपेल्याला पांढरा थर बसतो. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना वेगळा होऊन सर्वांत तापलेल्या जागी बसतो, आणि गिझरमध्ये ती जागा म्हणजे कॉइल. आतली वाट अरुंद होते, पाणी कमी येतं, थर उष्णता अडवतो. चालू असताना गिझरमधून चहाच्या आधणासारखा खदखद आवाज येतो का ते ऐका. आमचे वडील भुसावळच्या लोको शेडात होते. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर ठराविक दिवसांनी थंड करून आतून धुवावाच लागे, त्याला वॉशआउट म्हणत. एवढं थोरलं लोखंडी धूड, पण चुन्याच्या पापुद्र्यापुढे हात टेकायचं. आपण मात्र बोटाएवढ्या तांब्याच्या नळीला वर्षानुवर्षं बोअरचं पाणी पाजतो आणि ‘कॉइल गेली’ म्हणतो.

कॉइल गेली की तुंबली हे धुतल्याशिवाय कळत नाही. गॅस रेग्युलेटरवर बंद करून, गिझरचे दोन्ही पाइप सोडवून, लिटरमागे पन्नासेक ग्रॅम लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून ते कॉइलमध्ये तासभर ठेवायचं आणि मग भरपूर साध्या पाण्याने धुवायचं. फेस येईल, तो चुन्याचा. हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या, कारण पुन्हा जोडताना गॅस-पाण्याचे सांधे तपासावे लागतात. ड्रीपला तुम्ही ॲसिड ट्रीटमेंट देता, ते ॲसिड घरात आहे म्हणून गिझरला लावू नका. ड्रीपची नळी प्लास्टिकची असते. गिझरची कॉइल तांब्याची, संडास साफ करायच्या ॲसिडने ती चाळणीसारखी होते. मेकॅनिकच्या पिशवीत तीच बाटली दिसली तर चहा पाजून वाटेला लावा. धुतल्यावर पुन्हा बादली मोजा. कॉइलमधून थेंब गळत असेल तरच ती गेली.

दिवाळीनंतरच का? उत्तर सोपं आहे. सहा लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा गिझर. पावसाळ्यात टाकीतलं पाणी २६-२७ अंश असतं, त्यामुळे गरम नळ अर्धवट सोडला तरी चालायचं आणि गिझरच्या खोड्या लक्षात यायच्या नाहीत. हिवाळ्यात तेच पाणी १५-१६ अंशांवर येतं. मग पाणी कोमट वाटतं म्हणून माणूस गिझरचं पाण्याचं बटण कमी करतो. पाणी कमी म्हणजे ते जास्त तापतं हे खरं, पण आधीच काठावर असलेला प्रवाह आणखी आटतो. तुमच्या मेकॅनिकने पहिल्या फेरीत बटणं फिरवली ती नेमकी कुठे आणून ठेवली ते मला इथून दिसत नाही, पण माझा संशय तिथेच आहे. पाण्याचं बटण पुरेसं मोकळं ठेवा आणि गरमपणा गॅसच्या बटणाने कमी-जास्त करा. मिक्सरमध्ये गार पाणी मिसळूच नका. बादलीत गरम पाणी घ्या, गार नंतर घाला. आपल्या आजीला हे येत होतं.

सेल तुम्ही बदलले, बरं झालं. सिलिंडर संपत आला आणि थंडी पडली की ज्योत मंदावते, हेही खरं. किती गॅस उरला ते बघायला सिलिंडर ओल्या फडक्याने पुसा. ज्या भागात द्रव गॅस आहे तिथला ओलावा उशिरा वाळतो. पण काही लोक सिलिंडर आडवा पाडतात किंवा गरम पाण्याच्या परातीत ठेवतात, तसं चुकूनही करू नका. स्वयंपाकाच्या शेगडीच्या नळीलाच ‘टी’ आकाराचा जोड लावून गिझर चालवला असेल तर तेही बंद करा. नारिंगी सुरक्षा ट्यूबवर तारीख असते, ती पाच वर्षांनी बदलायची. वीसेक मिनिटांनी गिझर आपोआप बंद होतो असंही कधी झालं असेल. तो बऱ्याच मॉडेलमधला सुरक्षेचा टायमर आहे, कोणाच्या सांगण्यावरून तो काढून टाकू नका.

आता दहा लिटरचा. घेऊ नका. मोठ्या गिझरला गॅसही जास्त आणि पाण्याचा जोरही जास्त लागतो. ज्याला एक भाकर मिळत नाही त्याच्या पानात मोठं ताट ठेवून काय होणार? तोच पैसा पाइपला लावा. टाकीतून वरच्या बाथरूमसाठी स्वतंत्र पाइप उतरवा, तोही इंचाचा, अर्धा इंची नको, आणि गिझरच्या तोंडापर्यंत तसाच न्या. जमलं तर टाकीचा ओटा आणखी तीन-चार फूट वाढवा. पण विटा रचून नाही, मिस्त्रीला दाखवून, खाली कॉलम येतो का ते बघून. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन आहे. हे दोन्ही जमत नसेल तर छोटा प्रेशर पंप बसतो, मला स्वतःला तो शेवटचा उपाय वाटतो, कारण लाईट गेली की तोही गेला.

मला विचाराल तर वरच्या बाथरूमला पंधरा लिटरचा विजेचा साठवणीचा गिझर लावा आणि गॅसचा विकून टाका. दोन किलोवॅटचा असेल तर १८ अंशांचं पाणी साठ अंशांवर न्यायला बावीस-पंचवीस मिनिटं आणि पाऊण युनिट लागतं, आणि गार पाणी मिसळून आंघोळीजोगं अठ्ठावीस लिटर पाणी होतं, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या. त्याला दाबाशी देणंघेणं नाही, बारीक धार आली तरी ती गरमच येते. पहाटे वीज नसते अशी तुमच्या भागातली तऱ्हा असेल तर मात्र गॅसचाच बरा, उघड्यावर बसवलेला.

राहिला सासऱ्यांचा बंब. त्यांना हसू नका. बंब पाणी साठवून तापवतो. वरून गार ओतलं तितकंच तोटीतून गरम निघतं, त्याला दाब लागत नाही, पडदा नाही, सेल नाही. अंगणात ठेवा, तुराट्या-पऱ्हाट्या घरच्याच आहेत. फक्त पडवीत किंवा बाथरूममध्ये आणून पेटवू नका, निखाऱ्याचा वायू तोच असतो.

बादली दोन्ही वेळा मोजून किती सेकंद लागले ते लिहून पाठवा, आणि टाकीतून खाली उतरणारे पाइप किती आहेत तेही. मग पाइप किती इंची घ्यायचा ते सांगतो.

– आप्पा